मॉन्ट्रियलचा एक दुःखद हंगाम

हॉकी म्हटली की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे मोकळे मैदान, वाकड्या काठ्या आणि धुळीतून धावणारा चेंडू उभा राहतो. कॅनडा देशात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरील हॉकी. सुमारे २०० फूट लांब व ८५ फूट रुंद अशा गोठविलेल्या पटांगणावर, बुटांना पोलादी पाती लावून, दोन्ही बाजूंचे सहा सहा गडी विजेच्या वेगाने घसरत असतात. चेंडूच्या जागी टणक रबराची तीन इंच व्यासाची चकती असते. अंगाला अंग भिडविणे या खेळात नियमाला धरूनच आहे, आणि ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळी गडी डोक्यावर शिरस्त्राणही घालीत नसत. तेव्हा रक्त सांडणे आणि माथी भडकणे यांत नवल ते काय?

क्वेबेक प्रांतातील मॉन्ट्रियल शहराचा ‘कॅनेडियन्स’ हा धंदेवाईक संघ १९०९ साली स्थापन झाला. तेथील बहुसंख्य लोक फ्रेंच भाषा बोलणारे कॅथोलिक. गावोगावी उंच मनोऱ्यांची चर्चमंदिरे, घरोघरी मोठी कुटुंबे. परंतु व्यापार, कारखाने आणि मोठ्या पगाराच्या जागा बव्हंशी इंग्रजी बोलणारांच्या हाती. आपल्याच प्रांतात आपल्या भाषेला दुय्यम स्थान मिळाले म्हणजे मनाला काय वाटते, हे सीमाभागातील वाचकांना मी सांगावयास नको. अशा लोकांचा लाडका वीर होता मोरीस रिशार. रेल्वेच्या कारखान्यातील एका कामगाराचा हा मुलगा. १९४४-४५ च्या हंगामात त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले. त्यापूर्वी कोणालाच ते साधले नव्हते. लोक त्याला ‘रॉकेट’ म्हणत.

१९५४-५५ च्या हंगामात सहा संघ होते व प्रत्येकास ७० सामने खेळावयाचे होते. मार्च महिना उजाडला तेव्हा पहिल्या स्थानासाठी मॉन्ट्रियल आणि डेट्रॉइट यांच्यात चुरस लागली होती, आणि सर्वाधिक गुणांचा वैयक्तिक मान या खेपेस रिशारला मिळणार असे सर्वांनी धरून ठेवले होते. इतकी वर्षे खेळूनही तो मान त्याला एकदाही लाभला नव्हता.

१३ मार्च रोजी, उपवासकाळातील रविवारी, बोस्टन येथे हॅल लेको या प्रतिपक्षाच्या गड्याची काठी रिशारच्या डोक्यास लागली. पाच टाके घालावे लागले. रिशारने संतापून लेकोवर काठी उगारली, ती त्याच्या अंगावर मोडली, आणि आवरावयास आलेल्या साहाय्यक पंचास दोन ठोसे लगावले. पंचावर हात टाकण्याची ही त्याची त्या हंगामातील दुसरी वेळ होती. डिसेंबरमध्ये अशाच अपराधाबद्दल त्याला दंड झाला होता. तीन दिवसांनी संघटनेचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्बेल यांनी निकाल दिला: उरलेले तीन सामने आणि त्यापुढील स्टॅन्ले कपाचे सर्व सामने रिशारला बंद.

शिक्षा जबर होती. अन्याय्य होती असे मात्र मला म्हणवत नाही. पण शहराने तिच्यात एका खेळाडूची शिक्षा पाहिलीच नाही. एका इंग्रज साहेबाने आपल्या सबंध समाजाच्या थोबाडीत मारली, असेच लोकांना वाटले.

दुसऱ्या दिवशी, १७ मार्च रोजी, मॉन्ट्रियलच्या ‘फोरम’ या क्रीडागृहात डेट्रॉइटशी सामना होता. येऊ नका असे सुचविले असतानाही कॅम्बेल आले. (धैर्य म्हणावे की हट्ट?) त्यांच्यावर अंडी व टोमॅटो यांचा वर्षाव झाला, पहिल्या भागाच्या अखेरीस डेट्रॉइट ४-१ ने पुढे असताना अश्रुधुराचा एक गोळा फुटला. सामना तेथेच थांबवून डेट्रॉइटला बहाल करण्यात आला. मग जमाव सेंट कॅथरीन रस्त्यावर पसरला. दुकानांच्या काचा फुटल्या, लूट झाली, कित्येकांना अटक झाली. ज्यांची दुकाने लुटली गेली त्यांचा कॅम्बेल यांच्या निकालाशी काय संबंध होता?

दुसऱ्या दिवशी रिशार स्वतः रेडिओपुढे बसला. आणखी नुकसान करू नका, संघाच्या पाठीशी उभे राहा, मी माझी शिक्षा भोगीन आणि पुढल्या वर्षी परत येईन, अशा आशयाचे चार शब्द तो बोलला. शहर शांत झाले. पोलिसांना जे जमले नव्हते ते, ज्याच्या नावाने दंगल झाली होती, त्याच्या बोलण्याने झाले.

दंगल शमली, तरी राग गेला नव्हता. त्याचा खरा बळी ठरला बर्नार जोफ्रिओं, रिशारचाच सोबती, फ्रेंच भाषिक, त्याच संघाचा. रिशार ७४ गुणांवर अडकून बसला होता आणि जोफ्रिओं त्याच्या निकट आला होता. त्याने काय करावे? मुद्दाम गोल चुकवावा, तर संघ पहिल्या स्थानासाठी झगडत होता. तो मन लावून खेळला, ७५ गुणांवर पोहोचला, आणि त्याच्याच गावच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. घरी धमक्या आल्या. परक्याने केलेला अपमान माणूस एक वेळ विसरेल. पण आपले कर्तव्य केले म्हणून आपल्याच माणसांनी फिरविलेली पाठ विसरणे कठीण.

अखेर डेट्रॉइट ९५ गुणांसह पहिले आले, मॉन्ट्रियल ९३ वर राहिले. आणि ईस्टरनंतर स्टॅन्ले कपाची अंतिम मालिकाही डेट्रॉइटने चार विरुद्ध तीन सामन्यांनी जिंकली.

रिशारने शब्द पाळला. टो ब्लेक या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली १९५६ साली कॅनेडियन्सनी कप जिंकला आणि १९६० पर्यंत सलग पाच वर्षे तो आपल्याकडेच राखला. वैयक्तिक गुणांचा मान मात्र रिशारला कधीच मिळाला नाही. २००० सालच्या मे महिन्यात तो देवाघरी गेला, तेव्हा मॉन्ट्रियलच्या नोत्र-दाम महामंदिरात कार्डिनल तुर्कोत यांनी अंत्यविधी केला आणि प्रांताने त्याला शासकीय इतमामाने निरोप दिला.

जोफ्रिओंला सहा वर्षे थांबावे लागले. १९६१ च्या मार्चमध्ये, त्याच फोरममध्ये, त्याने हंगामातील पन्नासावा गोल केला. रिशारनंतर हा आकडा गाठणारा तो पहिलाच. हुर्यो करणारे ते प्रेक्षक या वेळी उभे राहून त्याचा जयजयकार करीत होते.