पुठ्ठ्याची रणभूमी

बुद्धिबळाच्या पटावरील सर्व घरे सारखीच असतात. प्रत्यक्ष रणांगणावर मात्र टेकडी, ओढा, कुंपण आणि दलदल यांनाही सैन्याइतकेच वजन असते. म्हणूनच प्रशियातील बॅरन फॉन राइसविट्स याने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याला जो युद्धखेळ सादर केला, त्यात उठावदार तुकडे जुळवून हवा तो भूप्रदेश मांडण्याची सोय होती. पुढे एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ (१९१३) आणि डोनल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ (१९६२) या पुस्तकांनी लघुप्रतिकृतींचा हा खेळ लष्करी कचेऱ्यांबाहेरील हौशी माणसांच्या हाती दिला. अशा माणसाजवळ पैसा बेताचा असतो. परंतु सामानाच्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा त्याला सहज मिळतो.

टेकडी करण्याची रीत नकाशातील समोच्चरेषांसारखीच आहे. प्रत्येक रेषेच्या आकाराचा एकेक पुठ्ठा कापावा आणि मोठ्यावर लहान, असे थर चिकटवीत जावे. कडा पायऱ्यांसारख्या दिसतात हे खरे. पण गुळगुळीत उतारावर सैनिक घसरतात, पायरीवर ते स्थिर उभे राहतात. पन्हळी पुठ्ठ्याच्या एका थरातील पन्हळी उभ्या असतील, तर पुढच्या थरातील आडव्या ठेवाव्यात. त्यामुळे टेकडी बळकट होते. पाण्यात कालवलेली खळ किंवा डिंक एकाच बाजूस लावल्यास पुठ्ठा सुकताना त्या बाजूकडे वाकतो. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या बाजूसही कागद चिकटवणे आणि पूर्ण सुकेपर्यंत वर जड पुस्तके ठेवणे. घराच्या भिंती दुमडताना पुठ्ठा आरपार न कापता धातूची पट्टी धरून अर्ध्या जाडीपर्यंतच चीर द्यावी, म्हणजे कोपरा नेमका वळतो. शेवटी डिंकावर वाळू किंवा हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा भुरभुरला, की माती आणि गवत तयार होते.

खरी अडचण प्रमाणाची आहे. २५ मिलिमीटर उंचीचा सैनिक खऱ्या माणसाच्या सुमारे बहात्तराव्या हिश्शाइतका असतो. त्याच प्रमाणात १० मीटर लांबीचे घर सुमारे १४ सेंटिमीटर भरेल. परंतु जमिनीसाठी एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर असे प्रमाण धरले, तर तेच घर १४० मीटर जागा व्यापील. यास्तव एक घर हे एक घर नसून सबंध वाडीचे चिन्ह आहे, असे खेळाडूंना आधीच ठरवून घ्यावे लागते. उंचीचेही तसेच आहे. सैनिक दृष्टीआड करायचा, तर चार मिलिमीटर जाडीचे निदान सात थर हवेत. जमिनीच्या प्रमाणानुसार ती उंची २८ मीटर होईल. एवढा उंचवटा अनेक रणांगणांवर नसतो. अशा वेळी टेकडी बुटकीच ठेवून, माथ्यामागील सैन्य दिसत नाही असा नियम करणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते.

ही काटेकोरी निरर्थक नाही. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे वेलिंग्टनने आपले पुष्कळसे पायदळ कण्याच्या मागील उतारावर ठेवले होते. त्यामुळे फ्रेंच तोफांचा मारा बराच बोथट झाला. उजव्या बगलेवरील हूगोमाँच्या भिंतींनी फ्रेंचांना दिवसभर अडवून धरले. हा उतार आणि या भिंती वगळून केवळ सपाट मेजावर ती लढाई मांडली, तर वेलिंग्टनचा निर्णय अनाकलनीय वाटेल आणि निकालाचे कारण भलत्याच ठिकाणी शोधले जाईल.

मूळ जागाही आज पूर्ण साक्ष देत नाही. १८२६ मध्ये पूर्ण झालेल्या सिंहस्मारकाच्या टेकाडासाठी त्याच कण्यावरील माती खणून नेण्यात आली आणि त्याचा एक भाग खचला. त्यामुळे १८१५ चे वॉटर्लू उभारू पाहणाऱ्याने छायाचित्रापेक्षा जुन्या नकाशावर अधिक भिस्त ठेवावी. जी जमीन आता बदलून गेली आहे, तिचा चढउतार पुठ्ठ्याच्या थरांत पुन्हा हाताखाली येतो. मात्र त्यासाठी कापणाऱ्याने रेषा नीट वाचलेली असली पाहिजे.