घरगुती वातानुकूलन यंत्रातील विद्युत दोषनिदान

घरगुती वातानुकूलन यंत्रातील विद्युत दोषनिदान म्हणजे यंत्र सुरू न होणे, हवा थंड न होणे किंवा एमसीबी वारंवार पडणे अशा तक्रारींमागील विद्युत कारण मोजमापाच्या आधारे शोधण्याची पद्धत होय. वेगवेगळ्या दोषांची बाह्य लक्षणे सारखी असू शकतात. निकामी धारित्र आणि जळालेला कॉम्प्रेसर या दोहोंमुळेही खोली थंड होत नाही. मात्र धारित्र अल्प खर्चात बदलता येते, तर कॉम्प्रेसर हा यंत्रातील सर्वांत महाग भागांपैकी एक आहे. म्हणून वीजपुरवठ्यापासून कॉम्प्रेसरपर्यंत क्रमाने तपासणी केल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र आहे. पुढील वर्णन भारतातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पुरवठ्यावर चालणाऱ्या, स्थिर गतीच्या स्प्लिट यंत्राचे आहे.

विद्युत रचना

खोलीतील भागात नियंत्रण पट्ट, पंखा आणि तापमान मोजणारे थर्मिस्टर असतात. खोलीचे तापमान ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढले की पट्टावरील रिले बाहेरच्या भागाकडे वीज सोडतो. बाहेरच्या भागात कॉम्प्रेसर, पंख्याची मोटर आणि धारित्रे असतात.

एककला कॉम्प्रेसरमध्ये चालन आणि आरंभ अशा दोन गुंडाळ्या असतात. आरंभ गुंडाळीच्या एकसरीत जोडलेले धारित्र तिच्यातील विद्युतधारेची कला बदलते आणि त्यामुळे मोटर फिरू लागते. धारित्र निकामी झाल्यास कॉम्प्रेसर फिरत नाही. तो गुणगुणतो, नेहमीच्या कित्येक पट धारा घेतो आणि तापतो. अखेर अतिभार संरक्षक त्याचा पुरवठा तोडतो.

सुरक्षितता

रिमोटने यंत्र बंद केल्यावरही आतील अनेक जोडण्यांवर विद्युत दाब राहतो. त्यामुळे आवरण उघडण्यापूर्वी एमसीबी बंद करून पुरवठा खंडित झाल्याची मीटरने खात्री करतात. पुरवठा तोडल्यावरही धारित्रात प्रभार साठलेला असू शकतो. ४५ मायक्रोफॅरडच्या धारित्रावर ४०० व्होल्ट दाब असल्यास त्यात ३.६ जूल ऊर्जा असते व तिचा धक्का धोकादायक ठरू शकतो. पेचकसाने अग्रे जोडण्याऐवजी सुमारे २० किलोओहम, ५ वॅटचा रोधक काही सेकंद जोडून प्रभार काढणे योग्य असते. पुरवठा चालू ठेवून करावयाची मोजमापे प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावीत.

तपासणीचा क्रम

१. पुरवठा: कॉम्प्रेसर सुरू होत असताना विद्युत दाब मोजतात. मोटरचे आरंभ बल साधारणपणे दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २३० वरून १८० व्होल्टपर्यंत उतरल्यास हे बल सुमारे ६१ टक्के उरते आणि निर्दोष कॉम्प्रेसरही अडू शकतो.

२. जोडण्या: सैल किंवा गंजलेल्या जोडणीचा रोध अर्धा ओहम असला, तरी ८ अँपिअर धारेला तेथे ३२ वॅट उष्णता निर्माण होते. वितळलेले प्लॅस्टिक आणि काळवंडलेली तार ही त्याची चिन्हे होत. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत असा गंज लवकर चढतो.

३. रिले: खोलीतील यंत्र थंडाव्याची मागणी करीत असूनही बाहेरच्या भागापर्यंत वीज पोहोचत नसेल, तर रिले, थर्मिस्टर किंवा मधली तार तपासतात. बंद करून लगेच सुरू केलेले यंत्र सुमारे तीन मिनिटे थांबते. वायूचा दाब समतोल व्हावा यासाठी ती योजना असते. तो दोष नव्हे.

४. धारित्र: प्रभार काढून व तारा सोडवून धारकता मोजतात. ४५ मायक्रोफॅरड, ±५ टक्के असे छापलेले असल्यास ४२.७५ ते ४७.२५ मायक्रोफॅरड हे मूल्य योग्य मानतात. फुगलेले धारित्र मोजमापाशिवायही बाद करतात.

५. गुंडाळ्या: कॉम्प्रेसरच्या अग्रांवरील तारा सोडवून रोध मोजतात. चालन व आरंभ अग्रांमधील रोध हा सामाईक अग्रापासून त्या दोन अग्रांपर्यंतच्या रोधांच्या बेरजेइतका असावा. या दोन अग्रांमध्ये रोध दिसतो, पण सामाईक अग्राकडे मंडल खुले आढळते, अशा वेळी अंतर्गत अतिभार संरक्षक उघडलेला असू शकतो. कॉम्प्रेसर पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय तो जळाल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

६. विद्युतरोधन: गुंडाळी आणि धातूचे कवच यांमधील रोध मेगरने तपासतात. तो शून्याजवळ असल्यास गुंडाळी कवचाला चिकटली आहे असे समजतात. यंत्र सुरू होताच एमसीबी पडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

इन्व्हर्टर यंत्रे

इन्व्हर्टर यंत्रात घरातील वीज प्रथम एकदिश केली जाते व तिच्यापासून बदलत्या वारंवारतेची त्रिकला वीज तयार करून कॉम्प्रेसरला पुरवतात. त्यामुळे त्याच्या तिन्ही गुंडाळ्यांचे रोध जवळपास समान असावे लागतात. येथे दोषसंकेतावरून तपासणीची दिशा ठरवली जाते; तो संकेत दोषी भाग निश्चित करतोच असे नाही. एकदिश मंडलातील दाब ३२० व्होल्टच्या आसपास असतो आणि पुरवठा तोडल्यावरही काही मिनिटे टिकू शकतो.