खेळाडू विद्यार्थ्याचे मन आणि दहा प्रश्नांची चाळणी

मुळशी तालुका म्हटला की तालीम डोळ्यांसमोर येते. २०१७ साली महाराष्ट्र केसरीचे मैदान भूगावलाच भरले होते. आता त्याच तालुक्यात लवळ्याच्या डोंगरावर खाजगी विद्यापीठे उभी आहेत, आणि म्हाळुंगे-बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले क्रीडासंकुल आहे. इथे घाम गाळणाऱ्या पोरापोरींचे वजन रोज मोजले जाते, वेळ घड्याळावर लावली जाते. झोप लागते का, जीव रमतो का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हे विचारण्याची एक पद्धत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०२० च्या सुमारास घालून दिली. सोळा वर्षांवरील खेळाडूला आधी दहा प्रश्न. गेल्या महिन्यात सहकाऱ्यांत वावरणे जड गेले का? दुखापतीची, कामगिरीची काळजी थांबेना का? निवडीचा ताण सोसवेना का? चिडचिड, दारूचा आधार, खेळ संपल्यावरच्या आयुष्याची धास्ती असेही प्रश्न त्यात आहेत. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. बेरीज १७ किंवा जास्त भरली की पुढची पायरी : उदासी, चिंता, झोप, खाणेपिणे आणि व्यसन यांच्या वेगळ्या प्रश्नावल्या. त्यानंतर गरज असेल तर प्रत्यक्ष डॉक्टर.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. सतरा गुण म्हणजे आजार नव्हे आणि बारा गुण म्हणजे सर्व आलबेल असेही नव्हे. उदासीच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात. झोप, भूक, थकवा हे त्यांतलेच. आता वजनगटात बसण्यासाठी अन्नपाणी तोडलेल्या पैलवानाला कुस्तीच्या आदल्या दिवशी हे विचारले तर गुण फुगणारच. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी विचारावे. शिवाय दुखापत, शस्त्रक्रिया किंवा छळाचा संशय आला की पुन्हा विचारावे, असे ही पद्धतच सांगते. नवव्या प्रश्नाची गोष्ट निराळी. मरून जावे, स्वतःला इजा करावी असे वाटते का, हा तो प्रश्न. त्यावर ‘थोडेसे’ अशी खूण दिसली तरी बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी त्या मुलाशी बोलले पाहिजे.

इथवर सारे शास्त्रीय. पण आपला प्रश्न इथून सुरू होतो.

‘सहकाऱ्यांत वावरणे जड गेले’ या वाक्यापुढे एखादी दलित मुलगी ‘नेहमी’ अशी खूण करते. चाळणी तिचे पाच गुण मोजते, कारण विचारत नाही. पुण्याच्याच मैदानावर पाळवणकर बाळू गोलंदाजी करीत तेव्हा त्यांचा चेंडू चालत असे, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते धाकट्या विठ्ठलना १९२३ साली मिळाले. बाळूंना कोणी दहा प्रश्न विचारले असते तर गुण त्यांचे भरले असते, आणि आजार कोणाचा ठरला असता? हे जुने झाले म्हणावे, तर २०२१ साली टोकियोत भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला आणि वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर जातीवरून शिवीगाळ झाली. २००७ च्या थोरात समितीनेही दिल्लीच्या एम्समधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या एकटेपणात वसतिगृह आणि भोजनगृहाबरोबर खेळाचे मैदानही नोंदवले होते.

दुसरा मुद्दा कागद कोणाच्या हाती पडतो हा. ही पद्धत मुळात डॉक्टर आणि नोंदणीकृत आरोग्यतज्ज्ञांसाठी आहे, प्रशिक्षकासाठी नाही. पण ‘निवडीचा ताण सोसवत नाही’ हे निवड करणाऱ्याच्याच टेबलावर जाणार असेल तर कोण खरे लिहील? ज्याची फी, खोली, खुराक खेळावर चालतो, तो पोरगा दहाही ठिकाणी ‘कधीच नाही’ लिहून मोकळा होईल, आणि संस्था अहवालात लिहील की आमचे खेळाडू ठणठणीत आहेत. माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिला आहे. तो वसतिगृहातल्या मुलापर्यंत पोचवणे हे आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांचे काम.

भाषेचेही तसेच. इंग्रजी प्रश्नावली वाटून भागत नाही. ‘डिप्रेशन आहे का’ म्हटले की मावळातला पोरगा ‘मी काय वेडा आहे?’ असे म्हणणार. ‘जीव घाबरा होतो का, कशात मन लागत नाही का’ असे विचारले तर बोलेल. मात्र असे शब्द बदलले की तीच मोजपट्टी राहते का, हे तपासून घ्यावे लागते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक किंवा समाजकार्यकर्ता असावा असे बजावले आहे. तेव्हा विद्यार्थी संघटनांनी आपल्या महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : हा माणूस नेमला आहे काय, तो क्रीडाविभागाच्या हाताखाली आहे की स्वतंत्र, आणि भरलेले कागद कोणत्या कपाटात, कोणाच्या किल्लीखाली राहतात. तोवर रात्री-अपरात्री कोणाला बोलावेसे वाटले तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.