गाठींचा रोग आणि न दिसणारे डॉक्टर

बालमित्रांनो, २०२२ सालचा लम्पी आठवतो ना? आपल्या जिल्ह्यात (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) गोठ्यागोठ्यांत तोच विषय! गाईच्या अंगावर गाठी, ताप, चारा-पाणी बंद. जनावरांचे बाजारही बंद. ज्यांचं घर दुधावर चालतं, त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

गोठ्यात येऊन लस टोचणारे डॉक्टर तुम्ही पाहिले. पण ती लस शोधणारे पशुरोगशास्त्रज्ञ कुणालाच दिसत नाहीत!

गंमत म्हणजे, गाईंना टोचली ती लस होती शेळ्यांच्या देवीची! शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी यांचे विषाणू म्हणजे चुलत भावंडं. एकाची ओळख झाली की गाईचं शरीर दुसऱ्यालाही अडवतं. ही भावकी शास्त्रज्ञांनी आधीच शोधून ठेवली होती, म्हणून ऐनवेळी कामी आली.

खास लम्पीची लसही तयार होत होती. २०१९ मध्ये रांचीला मिळालेला विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा, तब्बल ५० वेळा वाढवला. होता होता तो मवाळ झाला. हे काम हिसारच्या अश्व संशोधन केंद्राने (हो, घोड्यांच्याच!) आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने केलं. १० ऑगस्ट २०२२ ला ही लस जाहीर झाली.

या इज्जतनगरच्या संस्थेचा जन्म मात्र आपल्या पुण्यातला, १८८९ चा! तेव्हा बुळकांडी रोग दावणीच्या दावणी रिकाम्या करी. १८९३ मध्ये प्रयोगशाळा वस्तीपासून दूर, हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. तिथे एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये वाढवून लस बनवली. पुढे आणखी चांगल्या लशी आल्या आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. माणसाने पृथ्वीवरून हद्दपार केलेले रोग दोनच, माणसांची देवी आणि ही बुळकांडी.

‘डॉक्टर व्हायचंय’ म्हणणाऱ्या मुलांना मी वर्गात विचारते, ‘कुणाचा?’ सगळे हसतात. पालकांनो, तुम्ही हसू नका हं! बारावी विज्ञान, नीट परीक्षा, मग मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळला साडेपाच वर्षांची पदवी. संशोधन करायचं तर पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. शेण, रक्त, शवविच्छेदन यांची किळस चालणार नाही.

कामही भरपूर बाकी आहे. लाळ्या-खुरकूत अजून ठाण मांडून आहे. त्याच्या विषाणूचे जगात सात प्रकार आहेत. तिथे भावकीचा उपयोग नाही, एका प्रकाराची लस दुसऱ्याला अडवत नाही!