पहिल्या वर्षाची केमिस्ट्री आणि घरची कल्हई

मैत्रिणींनो, मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला की गल्लीत पेढे वाटले जातात. ती होस्टेलवर किंवा मुंबईतल्या एखाद्या मावशीकडे राहायला जाते. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो आणि घरात एक नवाच शब्द येतो, 'केटी'! म्हणजे विषय राहिला, पुन्हा द्यायचा. गणिताखालोखाल ज्या पेपरची तक्रार मी सतत ऐकते, तो म्हणजे 'अप्लाइड केमिस्ट्री', उपयोजित रसायनशास्त्र.

आमचा शीव कोळीवाडा. स्टेशनच्या पाटीवर गुरू तेगबहादूर नगर लिहिलेलं असलं, तरी आमच्या तोंडी कोळीवाडाच. चहूबाजूंना इंजिनीअरिंगची कॉलेजं. माटुंग्याला १८८७ साली स्थापन झालेलं व्हीजेटीआय, त्याच्या शेजारी १९३३ पासूनची, पूर्वी यूडीसीटी म्हणून ओळखली जाणारी रसायन तंत्रज्ञान संस्था, शिवाय वडाळ्याला आणि चुनाभट्टीला नंतर निघालेली कॉलेजं. त्यामुळे आम्ही काहीजणी मिळून वस्तीत जी अभ्यासिका चालवतो, तिथे पहिल्या वर्षाची मुलं-मुली बऱ्याच येतात. मी स्वतः बी.ए. झालेली. शिकवायचं काम एक निवृत्त प्राध्यापिका करतात. मी सतरंज्या घालते, चहा करते आणि मागे बसून ऐकते.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, आम्ही कॉम्प्युटरवाले. आम्हाला केमिस्ट्री कशाला?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. २०२२ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेही कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स अशा काही शाखांच्या प्रवेशासाठी बारावीचं रसायनशास्त्र सक्तीचं ठेवलं नाही. पण बाई वाद घालत नाहीत. त्या विचारतात, "तुझ्या घरी पाणी कुठून येतं?"

लातूरकडची एक मुलगी इथे मावशीकडे राहून शिकत होती. तिचा हाच पेपर राहिला. वडिलांचा फोन आला, "झेपत नसेल तर परत ये, इथे बी.ए. कर." घरात तर स्थळं बघायचीही भाषा सुरू झाली होती! पोरगी गप्प झाली. बाईंनी तिलाही पाण्याचाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "गावी बोअरचं पाणी. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मावशीकडे मात्र डाळ पटकन शिजते." बाई म्हणाल्या, "मग तुझा पहिला धडा झाला की!"

शाळेत आपण 'दुष्फेन पाणी' शिकलो होतो, आठवतं? ज्याला फेस नीट येत नाही ते. बोअरचं पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांतलं, पावसाचं साठवलेलं. त्यात हे क्षार कमी. पाणी उकळल्यावर पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तो तात्पुरता दुष्फेनपणा. उकळूनही जो जात नाही, तो कायमचा. कारखान्याच्या बॉयलरमध्ये असाच थर बसला की इंधन जास्त जळतं आणि कधी बॉयलर फुटण्याचाही धोका असतो. म्हणून इंजिनीअरला हे शिकावं लागतं.

मुलं अडतात ती गणितात. पाण्यात चार तऱ्हेचे क्षार असतात, पण उत्तर मात्र सगळ्यांचं 'कॅल्शियम कार्बोनेट'मध्ये द्यायचं. असं का? बाई सांगतात, "घरात एकाची कमाई रियालमध्ये, दुसऱ्याची डॉलरमध्ये. बेरीज करायची तर आधी सगळं रुपयांत आणायला नको? कॅल्शियम कार्बोनेट हा आपला रुपया. त्याचं वजन बरोबर १००, म्हणून हिशेबाला सोपा. १६२ मिलिग्रॅम कॅल्शियम बायकार्बोनेट म्हणजे १०० मिलिग्रॅमचा रुपया, आणि ९५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड म्हणजेही १००." हे मलासुद्धा कळलं, बरं का! भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हा आकडा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

दुसरा धडा गंजण्याचा, म्हणजे क्षरणाचा. परीक्षेत एक प्रश्न नेहमीचा, लोखंडावर जस्ताचा मुलामा आणि कथलाचा मुलामा यांत फरक काय? पाठ करणारी मुलं हमखास उलटसुलट लिहितात. बाईंनी आम्हा बायकांनाच विचारलं, "पितळेच्या पातेल्याला कल्हई का लावायची?" सगळ्याजणी एकदम बोलल्या, "नाहीतर आंबट आमटी कळकते!" कल्हईवाला पातेलं तापवून नवसागर टाकतो, तेव्हा नवसागरातून निघणारं आम्ल धातूवरचा मळ काढतं आणि कथील नीट पसरतं. खाण्याचे डबेही आतून कथलाचेच. कारण जस्त आंबटात विरघळतं आणि पोटाला बाधतं. मात्र बादलीला, छपराच्या पत्र्याला जस्त चांगलं. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कथलावर ओरखडा पडला तर आतलं लोखंड उलट लवकर गंजतं. एवढं कळल्यावर पाठ काय करायचं राहिलं?

गंज म्हणजे काय हे आम्हाला घराच्या छतातही दिसतं. समुद्राजवळची खारी हवा आणि ओल सिमेंटमध्ये शिरली की आतल्या सळ्या गंजतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून स्लॅब फुगतो, तडकतो, पोपडे पडतात. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी बांधलेल्या इथल्या पंजाबी कॉलनीच्या इमारती मोडकळीला आल्या आणि लोकांना वर्षानुवर्षांची घरं सोडावी लागली, ते आम्ही पाहिलं आहे. इमारत वेळीच दुरुस्त करायला क्षरण जाणणारा माणूस लागतो. तो माणूस आपली मुलगी का असू नये?

कमला सोहोनींना १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला होता. त्या मागे हटल्या नाहीत. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. एवढी मोठी शास्त्रज्ञ ग्राहक चळवळीतही उतरली. प्रयोगशाळेचं ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत यावं, यासाठीच ना?

लातूरची ती मुलगी पहिली वगैरे आली नाही. पण पुढच्या वेळी पेपर सुटला आणि वडिलांचे फोन बंद झाले.

तेव्हा मैत्रिणींनो, केटी लागली म्हणून मुलीचं शिक्षण थांबवायचा निर्णय एका रात्रीत घेऊ नका. एखादा विषय राहिला तरी नियमात बसत असेल तर पुढच्या सेमिस्टरला बसता येतं. कॉलेजमध्ये जाऊन चौकशी करा. कोणता धडा अडला आहे ते तिला विचारा आणि तो मराठीत समजावून सांगायला लावा. जिथे ती अडखळेल तिथेच तिची अडचण असते. जर्नल आणि प्रॅक्टिकल चुकवू देऊ नका. सुट्टीत ती घरी आली की तुमच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून द्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने ते तपासलं, तर तिचा प्रयोग होईल आणि तुम्हालाही आपण काय पितो ते कळेल.