विकी विस्तारांतील एस्केपिंग

संगणकीय भाषेत विशेष अर्थ असलेली चिन्हे आज्ञा न ठरता केवळ अक्षरे म्हणून दिसावीत, यासाठी केलेल्या रूपांतरास एस्केपिंग म्हणतात. विकी प्रणालीसाठी नवी खूणपताका पुरवणारा विस्तार लिहिताना ही प्रक्रिया अत्यावश्यक असते, कारण विकीवरील मजकूर बहुधा कोणीही संपादित करू शकतो.

पार्श्वभूमी

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. १ मे, २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकी या पीएचपी भाषेतील प्रणालीवर चालतो. ही प्रणाली संपादकाने लिहिलेल्या विकिमजकुराचे एचटीएमएलमध्ये रूपांतर करते.

विस्ताराची रचना

विकिमजकुरात एकेरी ओळबदल दुर्लक्षिला जातो, त्यामुळे कवितेच्या ओळी एकमेकींना जोडल्या जातात. नाशिकचे स्वातंत्र्यशाहीर गोविंद (१८७४–१९२६) यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या कविता आता प्रताधिकारमुक्त आहेत. त्या विकिस्रोतावर ठेवायच्या झाल्यास हीच अडचण येते. मीडियाविकीचा 'पोएम' हा विस्तार त्यासाठी खूणपताका पुरवतो व ओळी जशाच्या तशा राखतो.

असा विस्तार लिहिताना खूणपताकेचे नाव आणि तिचे फंक्शन यांची नोंदणी करावी लागते. खूणपताका आढळताच तिच्यातील कच्चा मजकूर व गुणधर्म त्या फंक्शनला मिळतात. फंक्शनने परत दिलेला मजकूर तयार एचटीएमएल मानला जातो व त्याची पुन्हा शुद्धी होत नाही. म्हणून सुरक्षिततेची जबाबदारी विस्ताराच्या लेखकावर येते.

धोके व उपाय

मजकूर तसाच परत दिल्यास एखादा संपादक त्यात स्क्रिप्ट घालू शकतो. ती इतर वाचकांच्या न्याहाळकात चालते आणि प्रवेश केलेल्या सदस्याच्या नावाने संपादनेही करू शकते. या हल्ल्यास क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात.

त्यावरील मुख्य उपाय म्हणजे <, >, &, " आणि ' या पाच चिन्हांचे एस्केपिंग. हे बदल एकामागून एक केल्यास & चा बदल प्रथम करावा; अन्यथा आधीच्या बदलांतून निर्माण झालेले & पुन्हा बदलले जाते. दोनदा एस्केपिंग झाल्यास वाचकास चिन्हाऐवजी त्याचा संकेतच दिसतो. त्यामुळे मूळ मजकूर विदागारात तसाच साठवून एस्केपिंग केवळ प्रदर्शनाच्या वेळी करणे योग्य ठरते.

खूणपताकेच्या आत दुवे वा ठळक अक्षरे हवी असल्यास मजकूर एस्केप न करता पुन्हा मीडियाविकीच्या पार्सरकडे सोपवावा. दुव्यांच्या बाबतीत केवळ एस्केपिंग पुरत नाही. पत्त्याची सुरुवात 'जावास्क्रिप्ट' या योजनेने होत नाही, हेही तपासावे लागते.

देवनागरी मजकूर

संदर्भानुसार एस्केपिंगची रीत बदलते. एचटीएमएलमध्ये देवनागरी अक्षरे बदलावी लागत नाहीत, परंतु संकेतस्थळाच्या पत्त्यात ती बदलतात. 'नाशिक' या शब्दात युनिकोडची ५ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे १५ बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइटसाठी ३ याप्रमाणे ४५ अक्षरे लागतात.

अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकणेही घातक ठरते. 'दऱ्या' हा शब्द शून्य-रुंदीचे जोडचिन्ह वापरून लिहिला असल्यास ते चिन्ह काढताच त्याचा 'दर्या' होतो, म्हणजेच डोंगरातील दऱ्यांच्या जागी समुद्र येतो.