श्मश्रुकर्म आणि दाढीचा ब्रश : निवड, निगा व संसर्गप्रतिबंध

दिनचर्येतील दंतधावन, अभ्यंग, व्यायाम व स्नान यांविषयी आपण वैद्य रुग्णांशी विस्ताराने बोलतो. क्षौरकर्माविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही आणि आपणही आपणहून काही सांगत नाही. वास्तविक चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात केश, श्मश्रू व नखे यांच्या कर्तनाला पुष्टिकर, आयुष्य व शुचिकर म्हटले आहे, तर आठव्या अध्यायातील सद्वृत्तात ते पंधरवड्यातून तीन वेळा करावे असे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनीही चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात या कर्माने हर्ष, लाघव व उत्साह प्राप्त होतो असे प्रतिपादन केले आहे. म्हणजे हे केवळ शोभेचे कर्म नसून स्वस्थवृत्ताचा भाग आहे. जे शुचित्वासाठी करावयाचे, त्याच कर्मातून त्वचारोग घरात येऊ लागले तर वैद्याने त्याची दखल घ्यावयास हवी. त्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही एका अगदी साध्या वस्तूचा, दाढीच्या ब्रशचा, विचार करीत आहोत.

ब्रश नेमके काय करतो?

दाढीचा केस कोरडा असताना राठ असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याचा ओलावा मिळाला की तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याला कमी जोर लावून कापता येतो. ब्रश हा ओलावा केसाच्या मुळापर्यंत पोहोचवितो, साबणाचा दाट फेस करून पाते व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर ठेवतो, त्वचेलगत चिकटून बसलेले केस उभे करतो आणि वरची मृत त्वचा व तैलांश सैल करतो. ब्रश चांगला असेल तर पाते एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवावे लागत नाही. खरचटणे, आग होणे आणि केस त्वचेत वळून पुळ्या येणे हे उपद्रव त्यामुळे पुष्कळ कमी होतात.

आपल्या ग्रंथांत अशा ब्रशचा निर्देश नाही. तथापि सुश्रुतांच्या उपयंत्रांच्या यादीत ‘बाल’ म्हणजे केस आहे, आणि सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात रोम छेदू शकणारे शस्त्रच सुनिशित मानावे अशी कसोटी दिलेली आहे. साधन कसे पारखावे व कसे राखावे याकडे आपले आचार्य किती बारकाईने पाहत, हे यावरून ध्यानात यावे. तीच दृष्टी येथे लावावयाची आहे.

ब्रशचे प्रकार

बाजारात मिळणाऱ्या ब्रशांचे केसांनुसार चार प्रकार करता येतात.

डुकराच्या राठ केसांचा ब्रश स्वस्त व ताठ असतो. वापरण्यापूर्वी तो काही मिनिटे पाण्यात भिजवावा लागतो. काही आठवड्यांच्या वापराने केसांची टोके फाटून मऊ होतात व मग तो पाणी चांगले धरतो. घोड्याच्या आयाळीच्या व शेपटीच्या केसांचा ब्रश याहून मऊ असतो. बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश सर्वांत महाग. हे केस बहुतांशी चीनमधून येतात. तो पाणी पुष्कळ धरतो व त्वचेला मुलायम लागतो, पण वाळायला वेळ घेतो. चौथा प्रकार कृत्रिम तंतूंचा. नायलॉनचे तंतू 1938 साली दात घासण्याच्या ब्रशांत प्रथम आले व पुढे दाढीच्या ब्रशांतही रूढ झाले. सुरुवातीचे तंतू टोचरे असत. अलीकडचे बारीक टोकांचे तंतू पुरेसे मऊ असतात, पाणी शोषून घेत नाहीत व लवकर वाळतात.

प्राण्यांच्या केसांविषयी एक ऐतिहासिक घटना प्रत्येक वैद्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड व अमेरिकेत काळपुळीचे, म्हणजेच अँथ्रॅक्सचे, रुग्ण अचानक वाढले. शोध घेता त्यांतील अनेकांचा संबंध नव्या दाढीच्या ब्रशांशी जुळला. युद्धामुळे बॅजरचे केस मिळेनासे झाले होते आणि आयात केलेल्या घोड्याच्या स्वस्त केसांना तसे रूप देऊन ब्रश बनविले जात होते. त्यांतील काहींचे निर्जंतुकीकरण नीट झालेले नव्हते. पुढे ब्रिटनने 1919 साली काळपुळी प्रतिबंधाचा कायदा केला. जनावरांची ‘फाशी’ म्हणून आपल्या शेतकऱ्यांना परिचित असलेला तो हाच रोग. आज प्रक्रिया केलेल्या केसांतून असा धोका अत्यल्प असला, तरी उत्पादकाचे नाव नसलेला, उग्र वास येणारा ब्रश आठवडे बाजारातून घेऊ नये, एवढा बोध यातून घ्यावाच.

आपल्या भागातील विशेष

पुस्तकी माहिती आपल्या देशाला व जलाला लावून पाहिल्याशिवाय वैद्याचे काम पुरे होत नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांत तीन गोष्टी विशेष विचारात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट पाण्याची. नीरा डाव्या कालव्याच्या व उजनीच्या पाण्याने हा भाग हिरवा झाला, तरी अनेक घरांत वापराचे पाणी बोअरचे व जड असते. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करतात. फेस धरत नाही, पाते कोरड्या गालावर फिरल्यासारखे होते आणि तो साका ब्रशच्या मुळाशी साचत राहतो. पुष्कळ लोक यासाठी ब्रशला दोष देऊन नवा ब्रश घेतात. दोष पाण्याचा असतो. दाढीपुरते तांब्याभर उकळून निवळलेले, शक्य तर पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी वापरावे, म्हणजे साधा ब्रशही उत्तम काम देतो.

दुसरी गोष्ट जनावरांची. घरोघरी संकरित गाई आणि हंगामात ऊसतोड मजुरांबरोबर येणारे बैल यांचा सहवास येथे नित्याचा आहे. वासरांच्या तोंडाभोवती व डोळ्यांभोवती दिसणारे पांढरट, खपल्या धरलेले चट्टे बुरशीचे असतात. तीच बुरशी धारा काढणाऱ्याच्या दाढीत शिरते. दाढीतील दद्रू अंगावरच्या नायट्यापेक्षा खोल असते. गाठी येतात, पू होतो, केस सहज उपटून येतात. जुनी माणसे ज्याला ‘न्हावगंड’ म्हणतात तो पूययुक्त केशमूलशोथ निराळा, पण दिसायला पुष्कळ वेळा सारखाच. निदान करताना गोठ्याची चौकशी अवश्य करावी. अशा रुग्णाच्या ब्रशमध्ये बुरशीने ग्रस्त केसांचे तुकडे राहतात आणि घरातील दुसऱ्याच्या गालावर पोहोचतात. रुग्ण बहुधा दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलम आणून लावून आलेला असतो. 2018 साली अशी अनेक मलमे केंद्र सरकारने चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी त्यांचा वापर थांबलेला नाही. त्याने खाज तात्पुरती शमते, बुरशी मात्र पसरते व मूळ लक्षणे झाकली जातात.

तिसरी गोष्ट सामायिक वापराची. ऊसतोड मजुरांच्या कोपीत एक ब्रश व एक आरसा अनेकांत चालतो. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी व इंदापूर या मुक्कामांवरून जाते, तेव्हा वारीच्या वाटेवर सेवाभावी नाभिक बंधू वारकऱ्यांची श्मश्रू करतात. संत सेना महाराजांचा वारसा सांगणाऱ्या या सेवेविषयी आम्हांस आदरच आहे. एड्सच्या जनजागृतीमुळे प्रत्येकास नवे पाते ही शिस्त आता पुष्कळ रुजली आहे. पण पाते बदलले तरी ब्रश तोच, पाण्याची वाटी तीच आणि शेवटी गालावरून फिरणारा तुरटीचा खडाही तोच असतो.

औपसर्गिक रोगांचा विचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायात कुष्ठ, ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद हे औपसर्गिक रोग एका माणसापासून दुसऱ्याकडे कसे जातात ते सांगताना गात्रसंस्पर्श, सहभोजन, सहशय्या यांबरोबरच दुसऱ्याची वस्त्रे, माळा व अनुलेपन यांचाही निर्देश केला आहे. एकाच्या मुखावरील लेप दुसऱ्याच्या मुखावर नेणारा ब्रश याच कोटीत बसतो. आधुनिक शास्त्राचे म्हणणेही असेच आहे. एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर फार तग धरीत नाही, त्यामुळे त्या बाबतीत पात्याची काळजी मुख्य. हिपॅटायटिस बी चा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकू शकतो. पहिल्या हातात कापलेल्या गालावर दुसऱ्यांदा फेस लावताना ब्रशला रक्त लागते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

निवड कशी करावी?

वरील विचारावरून आमचे मत असे की ब्रशची पहिली कसोटी मुलायमपणा किंवा किंमत ही नसून, तो किती नीट धुता येतो व किती लवकर वाळतो ही आहे. त्या कसोटीवर आपल्या भागातील बहुतेकांस चांगल्या प्रतीचा कृत्रिम तंतूंचा ब्रश सर्वांत योग्य ठरतो. ज्यांस प्राणिज केस वापरणे प्रशस्त वाटत नाही, त्यांचाही प्रश्न त्याने सुटतो.

खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात. केसांचा झुबका बुडाशी 20 ते 24 मिलिमीटर जाड व भरगच्च असावा. बोटांनी वाकवून सोडताच तो सरळ व्हावा. हलके ओढून पाहिल्यास एखाद-दुसरा केस निघणे क्षम्य, पण झुपकेच निघू लागल्यास तो ब्रश घेऊ नये. टोके तळहातावर गोल फिरवून पाहावीत, ती टोचता कामा नयेत. मूठ भरीव असावी. पोकळ मुठीत पाणी शिरून राहते. रंगविलेली लाकडी मूठ पाण्याने तडकते, आणि लोखंडी कडे गंजते.

प्रकृतीचा विचार आम्ही अनुमानाने असा करतो. पित्तप्रकृतीच्या, नाजूक व लवकर लाल होणाऱ्या त्वचेस मऊ ब्रश व थोडा वेळ. दाट, राठ दाढी व तेलकट त्वचा असलेल्या कफप्रधान व्यक्तीस थोडा ताठ ब्रश. वातप्रधान रूक्ष त्वचेस आदल्या रात्री तिळाच्या तेलाचे बोट लावण्यास सांगावे. मुखदूषिका फुललेल्या तरुणाने ब्रश घासू नये. पुळ्या बसेपर्यंत स्वच्छ हातानेच क्रीम लावावे.

निगा

दाढी झाल्यावर ब्रश वाहत्या पाण्याखाली, झुबका मुळाशी उघडून, फेस पूर्ण जाईपर्यंत धुवावा. झटकून, मोरीतील बंद कपाटात न ठेवता, हवेशीर जागी वाळवावा. टांगून ठेवावा की उभा, याला फारसे महत्त्व नाही. वारा लागणे महत्त्वाचे. आठवड्यातून एकदा रिठ्याच्या पाण्याने धुवावा. रिठ्यातील फेसाळ द्रव्याचा जड पाण्यात साबणासारखा साका होत नाही, आणि रेशमी व लोकरी वस्त्रांप्रमाणे प्राणिज केसांसही ते सौम्य असते. क्षार साचून केस कडक झाल्यास लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात काही मिनिटे बुडवून पुन्हा धुवावा. ब्रश उकळू नये; मुळाशी असलेला डिंक सुटतो.

त्वचारोग झालेल्या व्यक्तीने जुना ब्रश टाकून द्यावा व बरे झाल्यावर नवा घ्यावा. चिकित्सा चालू असताना दाढी कात्रीने किंवा स्वतंत्र यंत्राने बारीक करावी.

वैद्यबंधूंस विनंती

स्फटिका कषाय व रक्तस्तंभक आहे, म्हणून तिचा वापर थांबवावा असे आम्ही म्हणत नाही. मात्र खडा गालोगाल फिरविण्याऐवजी तुरटीचे पाणी करून स्वच्छ कापसाने लावावे आणि तो कापूस टाकून द्यावा. आपल्या गावातील नाभिक व्यावसायिकांस दोष न देता, सहकारी मानून हे समजावून सांगावे. नित्याच्या गिऱ्हाइकाने आपला ब्रश नाव घालून दुकानात ठेवावा किंवा घरून न्यावा. ते शक्य नसल्यास धुतलेल्या हाताने क्रीम लावावे. सामायिक ब्रश वापरणे अटळच असेल तर तो कृत्रिम तंतूंचा असावा, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाने धुऊन 70 टक्के स्पिरिटमध्ये दहा मिनिटे बुडवावा, आणि त्यासाठी निदान तीन-चार ब्रश पाळीने वापरावेत.

वारीच्या मुक्कामांवर आपल्यापैकी अनेक जण चिकित्सा शिबिरे चालवितात. पायांच्या भेगा, ज्वर व अतिसार यांवरील औषधांच्या पेटीत पुढील आषाढात कापूस, तुरटीचे पाणी व स्पिरिटची बाटली जास्तीची ठेवावी आणि ती शेजारी श्मश्रुसेवा करणाऱ्यांच्या हाती द्यावी, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.